उरलेल्या निम्म्यात काय होतं? २०१९ची व्हेप-साथ आणि गांजाच्या तेलाची तपासणी

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मुलांच्या एका रुग्णालयात किशोरवयीन मुलं एकापाठोपाठ एक दाखल होऊ लागली. धाप, खोकला, ताप, छातीत दुखणं. कित्येकांना उलट्या आणि जुलाबही. सीटी स्कॅनवर दोन्ही फुप्फुसांत धुक्यासारखा पांढरेपणा दिसत होता. न्यूमोनियाचा जंतू शोधला, सापडला नाही. अँटिबायोटिक्स दिली, फरक पडेना. २५ जुलैला राज्याच्या आरोग्य विभागाने अशा आठ मुलांची माहिती जाहीर केली. ही सगळी मुलं व्हेप, म्हणजे तेल तापवून त्याची वाफ ओढायचं बॅटरीवरचं उपकरण, वापरणारी होती.

शेजारच्या इलिनॉयमध्येही तेच सुरू झालं होतं. दोन्ही राज्यांतल्या पहिल्या ५३ रुग्णांचा अहवाल सप्टेंबरच्या सुरुवातीला 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. रुग्णांचं मध्यक वय १९ वर्षं होतं. साधारण तिघांमागे एकाला श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं. ज्यांच्याशी सविस्तर बोलणं झालं त्यांतल्या ८४ टक्के रुग्णांनी टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेली, म्हणजे गांजाच्या तेलाची कार्ट्रिज ओढल्याचं सांगितलं. पुढे या आजाराला 'ईव्हाली' हे नाव मिळालं. १८ फेब्रुवारी २०२०पर्यंत सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेकडे देशभरातून २,८०७ रुग्णांची नोंद झाली होती, आणि त्यांतले ६८ जण दगावले होते.

या साथीवर डॉक्टरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला हे प्रकरण प्रयोगशाळेच्या टेबलावरून मांडायचं आहे. कारण हा असा देश होता जिथल्या अनेक राज्यांत गांजाच्या मालाची तपासणी कायद्याने सक्तीची होती. डझनावारी कीटकनाशकं अब्जांश पातळीपर्यंत मोजणारी यंत्रं तिथे रोज चालत होती. आणि तरीही, रुग्णांच्या अनेक कार्ट्रिजमध्ये जो पदार्थ सरासरी निम्मा भरलेला निघाला, तो तोवर तपासणीच्या यादीतच नव्हता.

कार्ट्रिजमधलं तेल

आधी माल समजून घेऊ. गांजाच्या फुलांतून ब्युटेन, इथेनॉल किंवा कार्बन डायऑक्साइड वापरून अर्क काढतात आणि तो निर्वातात ऊर्ध्वपातन करून शुद्ध करतात. हाती येतं ते डिस्टिलेट: सोनेरी, मधासारखं दाट तेल, ज्यात साधारण ८० ते ९० टक्के टीएचसी असतं. हे तेल अर्धा किंवा एक ग्रॅमच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये भरतात. बॅटरीने तार तापते, तेलाची वाफ होते, माणूस ती ओढतो.

डिस्टिलेट महाग. त्यामुळे काळ्या बाजारात त्यात भर घालायचा मोह होणारच. पण पातळ पदार्थ मिसळला की तेल पाण्यासारखं वाहतं, आणि गिऱ्हाइकांना ते कळत होतं. त्यांची एक साधी कसोटी होती. कार्ट्रिज उलटी धरायची आणि आतला हवेचा बुडबुडा किती वेगाने वर सरकतो ते पाहायचं. बुडबुडा रेंगाळला तर माल शुद्ध, झरकन वर गेला तर भेसळ. मला या कसोटीचं कौतुक वाटतं. हाताशी काहीही उपकरण नसताना माणसांनी घनतेवर नाही, वस्तूच्या दाटपणावर विसंबून एक तपासणी बसवली होती. दुर्दैवाने भेसळ करणाऱ्यांनाही तीच कसोटी ठाऊक होती.

व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हा पदार्थ या कसोटीवर हुबेहूब उतरतो. फिकट पिवळसर, जवळपास बिनवासाचं, दाट तेल. टीएचसी तेलात विरघळणारं, हेही तेलात विरघळणारं, म्हणून दोन्ही बेमालूम मिसळतात. त्वचेच्या क्रीममध्ये आणि पोटात घ्यायच्या गोळ्यांमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात आहे, त्यामुळे 'जीवनसत्त्वच तर आहे' असं म्हणायलाही सोपं. पण पोटात गेलेल्या या रेणूचं आतड्यातली विकरं तुकडे करून साधं व्हिटॅमिन ई बनवतात. तोच पदार्थ तापवून फुप्फुसाच्या सर्वांत नाजूक पडद्यावर नेऊन बसवला तर काय होईल, याचा अभ्यास कुणी केलेला नव्हता. तो त्या कामासाठी कधी बनवलाच नव्हता.

ही भेसळ केव्हा शिरली याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मिनेसोटाने दिला. तिथल्या आरोग्य विभागाकडे पोलिसांनी जप्त केलेल्या बेकायदा कार्ट्रिज होत्या. २०१८ सालच्या जप्तीतले दहा नमुने तपासले, तर दहांपैकी एकातही व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट नव्हतं. २०१९च्या जप्तीतले वीस तपासले, तर विसांच्या विसांत होतं. नमुने थोडे आहेत, मान्य. तरी एवढी सरळ रेघ रसायनशास्त्रात क्वचित पाहायला मिळते. आणि ती मिळाली ती कुणीतरी जुना मुद्देमाल फेकून न देता जपून ठेवला म्हणून.

यादीत काय होतं

आता तपासणीकडे. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेतो, कारण २०१९मध्ये तिथली यादी देशातल्या सर्वांत कडक याद्यांपैकी एक होती. ६६ कीटकनाशकं. चार जड धातू. ओढायच्या मालात शिशाची मर्यादा ग्रॅममागे ०.५ मायक्रोग्रॅम, कॅडमियम आणि आर्सेनिकची ०.२, पाऱ्याची ०.१. अर्क काढताना राहून गेलेले द्रावक. अफ्लाटॉक्सिन आणि ऑक्राटॉक्सिन ही बुरशीची विषं. साल्मोनेला, विषारी ई. कोलाय आणि अ‍ॅस्परजिलसच्या चार जाती. शिवाय पोटन्सी, म्हणजे टीएचसी आणि गांजातली त्याच कुळातली इतर रसायनं (कॅनाबिनॉइड्स) यांचं प्रमाण, जे लेबलावरच्या आकड्याच्या दहा टक्के इकडेतिकडे बसलं पाहिजे.

या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे एक खरी भीती आहे. मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक तापलं की हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतं, म्हणून ते यादीत. गांजाचं रोप जमिनीतले धातू ओढून घेतं, म्हणून धातू. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाने अ‍ॅस्परजिलसची बुरशी असलेलं फूल ओढलं तर ती फुप्फुसात वाढू शकते, म्हणून बुरशी. यादी करणाऱ्यांनी विचार केला नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी रोपाचा विचार केला, शेताचा केला, अर्काच्या टाकीचा केला. अर्क तयार झाल्यावर कुणी त्यात मुद्दाम काय ओतेल, हा प्रश्न मात्र यादीत नव्हता.

त्यात एक मोठी अडचण वेगळीच. संघराज्याच्या कायद्यात तेव्हा गांजा बेकायदा होता, पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे सर्वांत कडक बंदीचा, अमली पदार्थ. त्यामुळे अन्नासाठी किंवा औषधांसाठी जशी राष्ट्रीय मानकं असतात तशी इथे नव्हती. प्रत्येक राज्याने आपापली यादी लिहायची. औषधांच्या जगात कुठलंही सहायक द्रव्य कोणत्या मार्गाने शरीरात जाणार आहे याची नोंद आणि छाननी होते. गिळण्यासाठी मान्य असलेलं द्रव्य श्वासातून द्यायचं तर ती पुन्हा नव्याने सिद्ध करण्याची गोष्ट ठरते. व्हेपच्या तेलाला ही शिस्त कुणी लावलेली नव्हती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हे प्रकरण चुकीच्या बाजूला झुकेल. बहुतेक घातक माल प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आलाच नव्हता. टीएचसीची कार्ट्रिज कुठून मिळाली हे ज्या रुग्णांनी सांगितलं, त्यांतल्या ७८ टक्क्यांनी ती फक्त मित्र, ओळखीचे, विक्रेते, इंटरनेट अशा अनौपचारिक वाटांनी घेतली होती. १६ टक्क्यांनी फक्त दुकानांतून, आणि ६ टक्क्यांनी दोन्हींकडून. सर्वांत जास्त नाव घेतलं गेलं ते 'डँक व्हेप्स'चं. ही एका कारखान्याची कंपनी नव्हतीच. त्या नावाची रिकामी खोकी आणि कार्ट्रिज सहज विकत मिळत, आणि त्यांत कुणीही काहीही भरत असे. सप्टेंबर २०१९मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्रिस्टल गावी एका घरावर छापा पडला, तेव्हा भरलेल्या ३१,२०० कार्ट्रिज सापडल्या. त्या घरात माणसं रोजंदारीवर सिरिंजने तेल भरत होती.

म्हणूनच परवानाधारक विक्री असलेल्या राज्यांत ही साथ खूपच कमी दिसली. 'जामा नेटवर्क ओपन'मधल्या एका अभ्यासात प्रौढांना खुली विक्री असलेल्या राज्यांत दहा लाख लोकांमागे सरासरी १.७ रुग्ण आढळले. फक्त वैद्यकीय वापराला परवानगी असलेल्या राज्यांत ८.८ आणि पूर्ण बंदी असलेल्या राज्यांत ८.१. सक्तीची तपासणी आणि परवान्याची साखळी असण्याचा उपयोग या आकड्यांत दिसतो, असं मी मानतो.

पण तो उपयोग झाला कसा, हे पाहिलं तर अस्वस्थ व्हायला होतं. कायदेशीर माल बचावला तो मुख्यतः परवानाधारकांनी हा पदार्थ फारसा घातला नाही म्हणून. त्यांच्यातल्या एखाद्याने घातला असता, तर त्या वेळच्या यादीनुसार त्याच्या मालाला सुरक्षिततेच्या प्रत्येक ओळीवर 'पास' असाच शिक्का मिळाला असता. सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑरेगनने एका मृत्यूची माहिती दिली, त्या व्यक्तीने माल परवाना असलेल्या दुकानातून घेतला होता. तेव्हा राज्याराज्यांतल्या नियामकांना आपल्या यादीकडे पुन्हा पाहावं लागलं.

यंत्राला दिसतं काय

तपासणीच्या बाहेरच्या माणसाला वाटतं की नमुना यंत्रात घातला की त्यात काय काय आहे ते सगळं छापून येतं. तसं कुठलंही रोजचं यंत्र करत नाही.

पोटन्सीची तपासणी बहुतेक ठिकाणी एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर होते. तेलाचा थोडासा भाग द्रावकात विरघळवून बारीक भुकटीने भरलेल्या कॉलममधून दाबाने ढकलतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो, डिटेक्टर अतिनील प्रकाशाने आलेखावर त्याची पीक, म्हणजे शिखर, काढतो, आणि ती पीक स्टँडर्डशी, म्हणजे त्या पदार्थाच्या ज्ञात शुद्ध नमुन्याशी, ताडून प्रमाण काढतात. टीएचसी, टीएचसीए, सीबीडी आणि त्यांची भावंडं दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येतात, तिथे रन संपतो. व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट त्यांच्याहून कितीतरी तेलकट, लांब शेपटीचा रेणू. तो कॉलमला चिकटून बसतो. नेहमीच्या मेथडमध्ये तो रन संपल्यावर, कॉलम धुताना निघून जातो, किंवा पुढच्या एखाद्या नमुन्याच्या आलेखात पसरट उंचवटा बनून येतो. असे उंचवटे पाहिलेल्या माणसाचा पहिला विचार असतो की कॉलम खराब झाला, बदलायला हवा. आणि समजा पीक नीट दिसलीही, तरी जिचं स्टँडर्ड मेथडमध्ये नाही तिला सॉफ्टवेअर नाव देत नाही. अहवालावर ती उतरत नाही.

कीटकनाशकांचं यंत्र आणखी तीक्ष्ण, म्हणून आणखी अरुंद नजरेचं. तिथल्या मास स्पेक्ट्रोमीटरला आधी सांगावं लागतं की अमुक वस्तुमानाचा रेणू पकड, त्याचे अमुक तुकडे झाले तरच मोज, बाकी सगळं सोडून दे. बाकी सगळं सोडून देण्यातूनच ती अब्जांश पातळीची ताकद येते. गवताच्या गंजीतली सुई त्याला सापडते, कारण गवत त्याला दिसतच नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याची ऑल्बनीतली वॉड्सवर्थ सेंटर ही प्रयोगशाळा वेगळ्या वाटेने गेली. रुग्णांनी जमा केलेल्या कार्ट्रिज तिच्याकडे आल्या होत्या, आणि प्रश्न 'मर्यादेत आहे का' असा नव्हता. प्रश्न होता: यात आहे काय? ५ सप्टेंबर २०१९ला खात्याने जाहीर केलं की गांजा असलेल्या जवळजवळ सगळ्या नमुन्यांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचं प्रमाण खूप जास्त आढळलं, आणि तपासणीला माल दिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या निदान एका कार्ट्रिजमध्ये ते होतं. पहिले रुग्ण जाहीर झाल्यापासून सहा आठवड्यांनी.

अशा खुल्या शोधासाठी नेहमीचं साधन म्हणजे जीसी-एमएस. नमुना तापवून वायुरूपात कॉलममधून सोडायचा, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रेणूला इलेक्ट्रॉनांनी फोडायचं आणि तुकड्यांची नक्षी हजारो ज्ञात पदार्थांच्या संग्रहाशी जुळवून पाहायची. व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचं रेणूवस्तुमान ४७२. त्यातून ४२ गळून ४३० उरतात, आणि पुढे १६५ चा ठळक तुकडा दिसतो. हे गळणारे ४२ म्हणजे किटीन नावाचा छोटा, भयंकर क्रियाशील रेणू. मास स्पेक्ट्रोमीटरच्या निर्वातात जे होतं ते तापलेल्या तारेवर तसंच होईल असं गृहीत धरता येत नाही, हे मला माहीत आहे. पण २०२०मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी हा पदार्थ व्हेपसारख्या उपकरणात तापवून दाखवलं की तिथेही किटीन सुटू शकतं. फुप्फुसांवर त्याचा परिणाम फॉस्जीन या युद्धातल्या विषारी वायूसारखा होतो. रोजच्या आलेखातली एक ओळ किती मोठी गोष्ट सांगत होती, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेनेही नंतर मोठ्या संख्येने नमुने तपासले. रुग्णांशी जोडलेल्या टीएचसीच्या मालापैकी सुमारे निम्म्या नमुन्यांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट निघालं. जिथे निघालं तिथे त्याचं प्रमाण २३ ते ८८ टक्के, सरासरी ५० टक्के.

फुप्फुसातलं पाणी

कार्ट्रिजमध्ये पदार्थ सापडला म्हणजे त्यानेच आजार झाला, असं होत नाही. एकाच रुग्णाकडे पाच-सहा वेगवेगळ्या कार्ट्रिज असायच्या, काही रिकाम्या, काही फेकून दिलेल्या. रुग्णांचं सांगणं हाही कच्चा पुरावा. टीएचसी ओढलंच नाही म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या फुप्फुसात ते मिळालं. घरच्यांसमोर, डॉक्टरांसमोर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा खरं बोलेलच असं नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थही नाही.

म्हणून सीडीसीच्या रसायनशास्त्रज्ञांनी नमुना बदलला. फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलेलं द्रव, म्हणजे ज्या जागी इजा झाली तिथलंच पाणी, त्यांनी तपासायला घेतलं. आणि या वेळी संशयितांची यादी मुद्दाम रुंद ठेवली: व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, वनस्पती तेलं, एमसीटी तेल (खोबरेलासारख्या तेलांपासून काढलेलं पातळ तेल), खोबरेल, पेट्रोलियमचे अंश, टर्पीन (वनस्पतींतली वासाची रसायनं). ८ नोव्हेंबरच्या पहिल्या अहवालात २९ पैकी २९ रुग्णांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होतं. डिसेंबरमध्ये १६ राज्यांतल्या ५१ रुग्णांचा अभ्यास छापून आला: ४८ जणांत सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांपैकी एकाच्याही फुप्फुसात नव्हतं. बाकीच्या संशयितांपैकी एका रुग्णात खोबरेल आणि एकात लिमोनीन हे टर्पीन, एवढंच.

मधल्या काळात एक चुकीची वाटही चालून झाली होती. रुग्णांच्या फुप्फुसातल्या पेशी तेलाने भरलेल्या दिसत होत्या, त्यामुळे सुरुवातीला अनेकांना वाटलं की हा तेल श्वासात गेल्याने होणारा जुना, ओळखीचा न्यूमोनिया आहे. मेयो क्लिनिकच्या तज्ज्ञांनी १७ रुग्णांच्या फुप्फुसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा चित्र वेगळं होतं. ते तेल साचल्याचं नव्हतं. विषारी रसायनाने भाजल्यासारखी इजा होती. पुढे उंदरांना व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटची वाफ दिल्यावर त्यांच्या फुप्फुसांनाही इजा झाली.

सीडीसीने शेवटपर्यंत शब्द जपून वापरले: साथीशी 'घट्ट संबंध', पण इतर रसायनांचा वाटा नाकारता येत नाही. ५१ पैकी तिघांच्या द्रवात पदार्थ मिळाला नव्हता, आणि काही रुग्ण फक्त निकोटीन ओढल्याचं सांगत होते. ही सावधगिरी मला योग्य वाटते.

पोटन्सीचा आकडा वाचायचा कसा

आता मला ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं तिच्याकडे येतो. गांजाच्या व्यवसायात पोटन्सी आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या खिडक्या मानतात. पोटन्सी म्हणजे विक्रीचा आकडा: जितका मोठा तितकी किंमत जास्त, म्हणून तो फुगवायचा मोह. कोलोरॅडोतल्या दुकानांतून घेतलेल्या फुलांच्या २३ नमुन्यांचा एक अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के नमुन्यांत टीएचसी लेबलापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त कमी निघालं. जी प्रयोगशाळा मोठा आकडा देते तिच्याकडे माल जातो, हे या धंद्यात सर्वांना माहीत आहे. त्यामुळे पोटन्सीकडे सगळे पाहतात ते ग्राहकाची फसवणूक होते का, एवढ्याच नजरेने.

एक ग्रॅमची कार्ट्रिज घ्या. लेबलावर टीएचसी ८५ टक्के. आत निम्मं डिस्टिलेट, निम्मं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. एचपीएलसी प्रामाणिकपणे सांगेल: ४२ टक्के. इतर कॅनाबिनॉइड्स तीन-चार टक्के धरा, टर्पीन पाचेक टक्के. बेरीज जेमतेम ५० ते ५२. मग उरलेले ४८ टक्के म्हणजे काय? ग्रॅमभर मालात ४८० मिलिग्रॅम असं काहीतरी आहे ज्याचं नाव अहवालात कुठेच नाही. त्याच अहवालात वरच्या ओळीवर आपण शिसं ०.५ मायक्रोग्रॅमच्या आत आहे का ते तपासत असतो. बेनाव राहिलेला भाग त्या मर्यादेच्या जवळपास दहा लाख पट आहे, आणि त्याच्यासाठी अहवालात रकानाच नाही.

कॅलिफोर्नियाच्या नियमांत असा माल लेबलाच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून अडतो. पण ही चूक लेबलाची मानली जाते. सुरक्षिततेच्या बाकी ओळी पास असतील तर लेबल बदलून ४२ टक्के लिहायचं, की मार्ग मोकळा. मी जेव्हा जेव्हा याचा विचार करतो तेव्हा थबकतो. आकडा ओरडून सांगत होता की अर्ध्या मालाचा हिशेब लागत नाही, आणि आपण तो आकडा लेबलवर नीट छापून पुढे गेलो असतो.

माझं म्हणणं साधं आहे. ओढायच्या तेलाच्या अहवालावर एक ओळ सक्तीची असावी: हिशेबात न आलेला भाग. कॅनाबिनॉइड्स, टर्पीन, द्रावक, पाणी यांची बेरीज करा आणि शंभरातून वजा करा. पाच-सात टक्के उरले तर ते समजण्यासारखं आहे. झाडाचं मेण असतं, किरकोळ कॅनाबिनॉइड्स असतात, यंत्राची स्वतःची अनिश्चितता असते. वीस टक्के उरले तर नमुना जीसी-एमएसवर, पूर्ण पट्ट्यात, लांब रन लावून तपासायचा आणि उरलेल्याला नाव मिळेपर्यंत माल अडवायचा. यासाठी सहसा नवं यंत्र लागत नाही. बहुतेक प्रयोगशाळांत द्रावक आणि टर्पीन मोजायला जीसी किंवा जीसी-एमएस असतंच.

या उपायाच्या मर्यादा मला दिसतात. फुलांना तो लागू पडत नाही, कारण तिथे बहुतांश वजन पानाफुलाच्या चोथ्याचंच असतं. कुणी दोन-चार टक्क्यांची भेसळ केली तर ती या जाळीतून निसटेल. आणि जो माल प्रयोगशाळेत येतच नाही त्याचं यामुळे काहीच होणार नाही. पण २३ ते ८८ टक्के भेसळ या जाळीतून निसटली नसती. पदार्थाचं नाव आधी माहीत असायचीही गरज नव्हती.

त्यानंतरचं

साथ ओसरायला सुरुवात झाल्यावर राज्यांनी हालचाल केली. कोलोरॅडोने १ जानेवारी २०२० पासून ओढायच्या मालात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि एमसीटी तेल घालायला बंदी घातली. इतरांनीही बंदी किंवा सक्तीची तपासणी आणली. योग्यच झालं. मात्र पद्धत तीच राहिली, जुन्या यादीत एक नवी ओळ.

मॅसॅच्युसेट्समध्ये काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या गांजा नियंत्रण आयोगाने नोव्हेंबर २०१९ मध्ये परवानाधारकांकडचा व्हेपचा माल गोदामांतच अडकवून ठेवला आणि त्यातले नमुने तपासून घेतले. शोध होता व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचा. ते सापडलं नाही. काही कार्ट्रिजमध्ये मात्र शिसं वाढलेलं निघालं.

हे शिसं जमिनीतून रोपात आणि रोपातून तेलात आलेलं नव्हतं. कार्ट्रिजमधले धातूचे भाग, जोड आणि तार यांतून ते महिनोन्‌महिने साठवलेल्या तेलात हळूहळू उतरत जातं. भरण्याआधी टाकीतून घेतलेल्या तेलाचा अहवाल अगदी स्वच्छ असू शकतो, आणि तो खोटाही नसतो. त्या दिवशी शिसं अजून धातूतच असतं.

कोलोरॅडोने २०२२ पासून व्हेपच्या मालासाठी वाफेचीच धातू-तपासणी सक्तीची केली. भरलेली, बंद केलेली कार्ट्रिज यंत्राला जोडायची. यंत्र माणसासारखे ठरावीक झुरके घेतं. निघालेली वाफ सापळ्यात पकडायची आणि त्या सापळ्यातले धातू मोजायचे. जे माणसाच्या फुप्फुसात जाणार, तोच नमुना.